देवयानीची तीन ताटं

वर्ध्याला जाऊन आले म्हटलं की पुण्यात प्रत्येक जण एकच विचारतो, "सेवाग्राम पाहिलंस ना?" नाही पाहिलं. हाकेच्या अंतरावर होतं आणि तरी राहिलं. मी पाहिली ती अल्लीपूरची एक ओसरी, पवनारच्या नदीतले काळे खडक, दवाखान्यातली एक लोखंडी खाट आणि तुरीच्या दाण्यांची तीन ताटं. एवढ्यावर प्रवासवर्णन लिहायला बसले आहे, कारण इतक्या हलक्या मनानं मी आजवर कुठूनच परत आलेले नाही.

आधी जायचं कारण सांगते. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. तिच्यासारख्या असंख्य दीर्घिका आकाशात आहेत, आणि त्यांतल्या काहींना फिरत्या चक्रीसारखे फाटे असतात. त्या सर्पिल दीर्घिका. त्यांचा जो उजेड डोळ्यांना दिसतो, तो त्यांच्या एकूण उजेडातला एक तुकडा आहे. त्यापेक्षा लांब लहरींचा अवरक्त प्रकाश असतो. तो म्हणजे ताऱ्यांमुळे तापलेल्या धुळीची ऊब. त्याहूनही लांब लहरींचे रेडिओ तरंग असतात. ते चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या वेगवान कणांतून येतात. धूळ वेगळी, कण वेगळे, दोघांचा एकमेकांशी संबंध असायचं वरवर पाहता काही कारण नाही. पण उपग्रहानं मोजलेले अवरक्ताचे आकडे हाती आल्यावर मी ते रेडिओच्या आकड्यांसमोर मांडले, तर आलेखावरचे ठिपके चक्क एका रेषेत उभे राहिले. जी दीर्घिका अवरक्तात प्रखर, ती रेडिओतही त्याच प्रमाणात प्रखर.

मला आनंद झाला. माझ्या मार्गदर्शकांना झाला नाही.

"इतकं सरळ निसर्गात काही नसतं, शुभदा," ते म्हणाले. "कुठेतरी चकवा आहे. तू गुल्हाने सरांकडे जा. त्यांना पटलं, तर मी प्रबंधावर सही करीन."

गुल्हाने सर हे माझ्या मार्गदर्शकांचे नागपूरचे गुरू. निवृत्त होऊन ते आपल्या गावी, हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरला राहायला गेले होते. पाठवलेल्या पत्राला उत्तर आलं नाही. मग थंडीच्या दिवसांत एक पिशवी आणि आलेखांची गुंडाळी घेऊन मी निघाले.

अल्लीपूर

वर्ध्याला गाडीतून उतरून अल्लीपूरची एसटी धरली. दोन्ही बाजूंना पांढरी फुटलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि मधूनमधून तुरीच्या ओळी. साताऱ्याकडची मी, इतकी सपाट आणि इतकी काळी जमीन पाहिली की कुणीतरी डोंगर उचलून नेल्यासारखं वाटतं.

शेजारच्या बाईंनी पिशवी मांडीवर घेत विचारलं, "कोनाकडे चालली वो माय?"

"गुल्हाने सरांकडे."

"मास्तरकडे? कुठून आली?"

"पुण्याहून."

"पुन्याहून! काऊन?"

चार-पाच माना माझ्याकडे वळल्या. दीर्घिकांचा अवरक्त प्रकाश हे उत्तर त्या गर्दीत देता येईना. "अभ्यासाचं काम आहे," म्हटलं. बाईंचं समाधान झालं नाही, पण त्यांनी माझं लग्न झालं आहे का, ते झालं नसेल तर काऊन नाही, आणि पुण्यात ज्वारी काय भावानं मिळते, हे सगळं अल्लीपूर येईपर्यंत विचारून घेतलं. आमच्याकडे अनोळखी माणसाला असं विचारलं तर तो खिडकीबाहेर पाहू लागतो. इथे न विचारणं हाच उद्धटपणा असावा. उतरताना त्या म्हणाल्या, "जाजो, त्यायची वहिनी हाय घरी." वहिनी आहे म्हणाल्या, सर आहेत म्हणाल्या नाहीत. माझ्या तेव्हा ते ध्यानात आलं नाही.

ओसरीवर पांढऱ्या लुगड्यातल्या एक म्हाताऱ्या बाई नवी तूर पाखडत बसल्या होत्या. सरांच्या थोरल्या भावाच्या त्या पत्नी. भाऊ गेले, सरांनी लग्न केलं नव्हतं. त्या घरात आता हे दीर-भावजय दोघंच.

"भाऊजी तं वर्ध्याले दवाखान्यात हायेत," सूप बाजूला ठेवत त्या म्हणाल्या. "मोतीबिंदूचं आपरेशन झालं. पट्टी हाय डोळ्यावर."

मी आलेखांच्या गुंडाळीकडे पाहत राहिले. ज्या माणसाला दाखवायला हे आणलं, त्याच्या डोळ्यांवर पट्टी.

"तोंड काऊन उतरलं?" वहिनी म्हणाल्या. "आधी जेव. मी उद्या जाऊन राह्यली वर्ध्याले. तूबी चाल."

जेवायला वांग्याची भाजी, भाकर आणि जवसाची चटणी. वहिनींनी विचारलं, "सांभार टाकू का वरून?" वांग्याच्या भाजीवर सांबार कसं ओतणार, असं मनात आलं; पण पाहुण्यानं नाही कशाला म्हणायचं, म्हणून हो म्हटलं आणि वाटी पुढे केली. त्यांनी त्यात चिमूटभर कोथिंबीर टाकली. विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मी वाटी धरून अजून वाट पाहते आहे असं दिसल्यावर त्यांनी आणखी टाकली, मग आणखी. शेवटी अर्धी जुडी कोथिंबीर खाऊन मी उठले. चटणीवर तेलाची धार होती, तिखट मस्तकात गेलं होतं, आणि तरीही दिवसभरात पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

वर्ध्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी एसटीचं चाक वाटेत बसलं. सगळे खाली उतरले. कंडक्टर आणि ड्रायव्हर चाकाशी झटत होते आणि प्रवासी रस्त्याकडेच्या बोरीखाली बोरं वेचत होते. कुणाची कुरकुर नाही. वहिनींनी मला पदरातली बोरं दिली आणि बांधावर बसून हलक्या आवाजात सांगितलं, "त्यायले एकच डोळा हाय. दुसरा लहानपणीच गेला, पऱ्हाटीची काडी लागून. आता याच्यात रक्त उतरलं म्हनते डाक्टरीन. नजर कितीक येईन, सांगत नाई."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या मार्गदर्शकांनीही कधी सांगितलं नव्हतं.

"मले अक्षर येत नाई," वहिनी म्हणाल्या. "नजर नाई आली तं त्यायले पुस्तक वाचून कोन दाखवन? दिवसभर पुस्तकच तं असते त्यायच्या हातात."

मला हवी असलेली सही, माझा प्रबंध हे सगळं त्या बांधावर फार लहान वाटलं. पण मनातून सुटलंही नव्हतं, हे खरं.

वर्धा

पोहोचल्यावर आधी पोस्टात जाऊन पुण्याला ट्रंक कॉल लावला. मार्गदर्शकांना सरांच्या डोळ्याचं सांगितलं. पलीकडे खरखर आणि त्यातून त्यांचा आवाज, "मग परत ये. त्यांना अजिबात त्रास देऊ नकोस." मी "बरं" म्हटलं आणि पोस्टातून थेट दवाखान्यात गेले. वहिनींबरोबर भेटून तरी यावं, एवढंच मनात होतं.

सर उशांना टेकून बसले होते. उंच, सुकलेले, डोळ्यांवर जाड पांढरी पट्टी. वहिनींनी मी कोण ते सांगितलं, तर त्यांचा चेहरा एकदम जागा झाला.

"म्हणजे तू माझ्या विद्यार्थ्याची विद्यार्थिनी! बस. काय आणलंस?"

"काही नाही सर. तुम्ही विश्रांती घ्या."

"विश्रांतीनं जीव गेला माझा. भिंत पाहायलासुद्धा मिळत नाही. सांग."

डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "बोला खुशाल. फक्त यांना हसवू नका, खोकू देऊ नका आणि वाकू देऊ नका."

मग मी सांगितलं. सर ऐकत होते, मध्येच एखादा नेमका प्रश्न विचारत होते. सरांच्या दोन भाषा होत्या: शिकवताना छापील मराठी, आणि जीव गुंतला की वऱ्हाडी. सगळं ऐकून झाल्यावर ते आकाश सोडून गावाकडे वळले.

"मोठ्या गावात चुली जास्त असतात," ते म्हणाले, "आणि सायकलीही जास्त असतात. हजार गावांचा आलेख काढ, चुली आणि सायकली एका रेषेत येतील. म्हणून काय धूर सायकलीतून निघते?"

मोठी दीर्घिका प्रत्येकच उजेडात मोठी असणार. मी जिला निसर्गाची रेषा समजत होते, ती नुसती आकाराची रेषा असू शकत होती. हाच तो चकवा.

"मी त्याची थोडी दुरुस्ती केली आहे सर, आकारानं भागून," मी चाचरत म्हटलं.

"भागून चुका जात नाहीत, लपतात. मला विचार करू दे."

भेटीची वेळ संपली होती.

पवनार

वहिनींची बहीण पवनारला राहते; तिच्याकडे आमचा मुक्काम. सकाळी आम्ही दोघी धाम नदीवर गेलो. पात्रात मोठमोठे काळे खडक आहेत, पाणी त्यांच्यामधून वाट काढत जातं. वर आश्रमातून बायकांच्या प्रार्थना म्हणण्याचा आवाज येत होता, एका लयीत, न थांबता. आमच्या कृष्णेकाठी घाट बांधलेले, घंटा, गर्दी. इथे उघडा खडक आणि ऊन. मी खडकावर बसून माझ्या दुरुस्तीचं गणित मनात उलगडत होते आणि ते प्रत्येक वेळी सायकलीपाशी येऊन अडत होतं.

वहिनींनी नदीला हात जोडले. डोळे मिटून बराच वेळ उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुह्यासाठीबी मागतलं. काय मागाव ते समजलं नाई, म्हनून पोट्टीचं बरं होऊ दे, एवढंच म्हनलं."

मला हसू आलं.

पुन्हा वर्धा

सर आमची वाटच पाहत होते. पायांचा आवाज येताच त्यांनी विचारलं, "शुभदा, एकाच गावात शिरलीस का कधी?"

"म्हणजे?"

"हजार गावं सोड. एक गाव घे आणि गल्लीगल्लीनं फिर. ज्या गल्लीत चुली, त्याच गल्लीत धूर असेल तर आकाराचा प्रश्नच उरत नाही. गाव एकच आहे. एकच दीर्घिका घे आणि तिचे तुकडे कर. देवयानी घे, सगळ्यात जवळची मोठी. नकाशे आहेत का?"

होते. देवयानीचा रेडिओ नकाशा आणि नुकताच छापून आलेला अवरक्त नकाशा, दोन्हींच्या झेरॉक्स माझ्याजवळ होत्या. प्रस्तावनेत सुंदर चित्रं हवीत म्हणून ठेवल्या होत्या. वेगवेगळ्या मापाच्या, त्यामुळे मी त्या कधी शेजारी ठेवून नीट पाहिल्याच नव्हत्या.

मी रेडिओ नकाशाचं वर्णन करू लागले. थोड्या वेळानं सरांनी हात वर केला. "शब्दांनी नकाशा दिसत नाही बाई. वहिनी, ताटं हायेत का? अन् ते तुरीचे दाणे?"

वहिनींनी बहिणीसाठी आणलेली नवी तूर द्यायची राहून अजून पिशवीतच होती. जेवणाची ताटंही होती. मी खाटेशेजारच्या बाकावर एक ताट ठेवलं. देवयानी आपल्याला तिरपी दिसते, म्हणून ताटात मी तिची लांबट आकृती धरली. जिथे रेडिओ प्रखर तिथे दाण्यांचा मोठा ढीग, जिथे मंद तिथे थोडे दाणे, जिथे काही नाही तिथे ताट मोकळं. मग दुसरं ताट, अवरक्ताचं. पहिल्या ताटावर वहिनींनी पदर धरला होता; सरांनीच तसं सांगितलं होतं, माझा हात पहिल्याची नक्कल करू नये म्हणून. तिसरं ताट साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचं. त्यात फार विचार करावा लागला नाही: मधोमध मोठा ढीग आणि बाहेर जाता जाता विरळ होत गेलेले दाणे.

मनाला हवं तिथे दाणे पडू नयेत म्हणून मी फक्त कागदाकडे पाहत होते, ताटाकडे नाही.

"आता वहिनी, ताटं अदलाबदल करा," सर म्हणाले. "कोणतं कोणतं ते मले सांगू नका."

वहिनींनी ताटं फिरवली. सरांनी पहिल्यावर बोटं ठेवली, अगदी हळू, दाणा हलू नये अशी. "हे साध्या उजेडाचं. सगळा माल मध्ये." ते बाजूला झालं. दुसऱ्यावर बोटं गेली. मध्ये लहान ढीग, मग मोकळी जागा, आणि मग भोवती एक कडं. बोटं त्या कड्यावरून फिरत गेली, एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ, पुन्हा दाट. मग तिसऱ्या ताटावर. मध्ये लहान ढीग. मोकळी जागा. कडं. त्याच जागी दाट, त्याच जागी विरळ.

सर एका ताटावरून दुसऱ्यावर पुन्हा गेले, आणि पुन्हा.

"एकच गाव हाय हे," ते म्हणाले. "त्याच गल्ल्या. याचं कडं थोडं पसरट हाय. हे रेडिओचं का?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद ताटाशी ताडून पाहिला. "हो सर. रेडिओचंच."

"असायलाच पाहिजे. धूळ जिथल्या तिथे तापते. कण मात्र जन्मले की भटकतात, म्हणून त्यांचा उजेड जरा पसरतो."

"किंवा दुर्बिणीची नजर भुरकट असेल सर. तरीही असंच दिसेल."

सर हसले, आणि डॉक्टरीणबाईंची आठवण होऊन एकदम थांबले. "बरोबर. ते पसरटपण लिहिताना 'कदाचित' लिही. पण कडं आहे, आणि दोघांचं एकाच जागी आहे, तिथे 'कदाचित' नको. या कड्यात नवे तारे जन्मत असणार. मोठे तारे धूळ तापवतात, ते अवरक्त. तेच तारे पुढे फुटतात आणि कण उधळतात, ते रेडिओ. चूल एकच. तिच्यातूनच धूर आणि तिचीच ऊब." त्यांनी ताटं बाजूला केली. "अजून दोन-चार गावं याच रीतीनं पाहा. पण मले पटलं."

मी काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी रडत होते आणि वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत सरांना रागावत होत्या, "काय म्हनलं तुमी तिले?"

"पास झाली ती," सर म्हणाले.

"मंग रडते काऊन?" आणि मग ताटांकडे पाहून, "आता हे शिजवाचं का अजून काही पाह्याचं हाय?"

त्या दिवशी वहिनींच्या बहिणीकडे मी वरण पोटभर जेवले. कितीतरी महिन्यांनी चव कळत होती.

पण डोळा राहिला होता. पट्टी निघणार होती ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मला आदल्या संध्याकाळच्याच गाडीनं निघता आलं असतं. मी थांबले नसते तरी चाललं असतं. पण मला जाववेना.

डॉक्टरीणबाईंनी खिडकी अर्धी लावून घेतली. पट्टीचा एकेक पदर सुटत गेला. शेवटचा कापूस ओल्या बोळ्यानं अलगद सोडवला. सरांची पापणी सुजलेली, चिकटलेली. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना पाहवत नव्हतं.

"हळूहळू उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हात पुढे धरला. "किती बोटं?"

सरांची पापणी थरथरली, मिटली, पुन्हा उघडली. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली, तिचा आवाज लांबपर्यंत गेला.

"दोन," सर म्हणाले. "आता तीन. आता तुम्ही हात खाली घेतला."

वहिनी भिंतीकडून वळल्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, नीट, मान थोडी वाकडी करून.

"वहिनी, लुगड्याले नीळ लय घातली आज."

"नीळ? नाई घातली बाप्पा! पांढरंच हाय." त्या घाबरून डॉक्टरीणबाईंकडे पाहू लागल्या.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोतीबिंदू काढल्यावर पुष्कळांना काही दिवस सगळं निळसर दिसतं."

"का, ते मी सांगतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज तरुण माणसासारखा झाला होता. "आपल्या डोळ्यातलं भिंग जांभळ्यापलीकडचा उजेड अडवतं. माझं भिंग म्हातारं, पिवळं पडलेलं; ते तर निळाही अडवत होतं. आता भिंगच काढून टाकलं. जे इतकी वर्षं दाराबाहेर उभं होतं, ते आत आलं." ते पुन्हा वहिनींकडे पाहू लागले. "लय सुंदर दिसून राह्यलं."

वहिनी मटकन खाटेच्या कडेला बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, सांगता येत नव्हतं. जाड भिंगांचा चष्मा लागल्यावर वाचता येईल, असं डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, "पुस्तक वाचता येईन न? बारीक अक्षरबी?"

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. मी पोस्टात गेले आणि पुण्याचा ट्रंक कॉल लावला. बराच वेळ थांबल्यावर पलीकडून मार्गदर्शकांचा आवाज आला. मी परत न जाता तिथेच राहिले होते, त्याबद्दल ते रागावतील अशी माझी खात्री होती.

"डोळा?" त्यांनी एवढंच विचारलं.

"दिसतंय त्यांना. आज पट्टी काढली. बोटं मोजली."

पलीकडे नुसती खरखर. लाइन गेली की काय म्हणून मी "हॅलो, हॅलो" केलं. मग ऐकू आलं, "बरं झालं. फार बरं झालं. एकाच डोळ्यावर शिकवलंय त्या माणसानं आम्हाला. फळ्यावरची चूक मात्र शेवटच्या बाकावरून दिसायची त्यांना." त्यांचा आवाज जड झाला होता. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. ते सरांच्या वर्गातल्या गोष्टी सांगत राहिले, मी ऐकत राहिले, आणि मध्येच ऑपरेटरचा आवाज आला की वेळ संपत आली.

"सर!" मी जोरात ओरडले. "त्यांना पटलं! माझं काम पटलं त्यांना!"

लाइन कापली गेली. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी वळून पाहिलं तर तिकिटांच्या खिडकीसमोरची अख्खी रांग माझ्याकडे पाहत होती. रांगेतले एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "पटलं न? मंग झालं तं."

"झालं," मी म्हटलं, आणि स्टेशनची वाट धरली.